एअरलाइन पायलट व्हायचंय? आधी मेडिकल, मग अभ्यास, फी सगळ्यात शेवटी

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी अनेक घरांत एकच गोष्ट घडते. मुलाला किंवा मुलीला पायलट व्हायचं असतं. आईवडिलांनी जमीन गहाण टाकायची किंवा ठेव मोडायची तयारी केलेली असते. कुणीतरी एखाद्या फ्लाइंग अकादमीचं गुळगुळीत माहितीपत्रक आणून देतं आणि आठवड्याभरात पहिली मोठी रक्कम भरली जाते. मुलाचं मेडिकल तेव्हा झालेलं नसतं, एकही पेपर दिलेला नसतो आणि त्या अकादमीची किती विमानं खरोखर उडतात हे कुणी विचारलेलं नसतं. पुढे अडचण आली तर ती बहुधा याच आठवड्यात पेरलेली असते.

म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमाबद्दल आहे. पायऱ्या सगळ्यांनाच चढाव्या लागतात. त्यांचा क्रम बरोबर ठेवला तर घरचे लाखो रुपये आणि उमेदीची एक-दोन वर्षं वाचतात.

पोचायचं कुठे

विमान कंपनीत को-पायलट, म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून बसायला कमर्शियल पायलट लायसन्स लागतं. सगळे त्याला सीपीएल म्हणतात. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. वय किमान १८, आणि सध्याच्या नियमानुसार बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय हवेत. वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झाली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून हे दोन विषय वेगळे देता येतात. अनेकांनी ते तसे दिले आहेत, त्यामुळे शाखा चुकली म्हणून दार बंद झालं असं समजू नका. पदवीची अट डीजीसीएची नाही.

सीपीएलसाठी एकूण २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यावर मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान चालवण्याची आणि केवळ उपकरणांकडे बघून उडण्याची परवानगी, मग कंपनीची निवड, मग एअरबस ए-३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर-७२ अशा एका विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग. त्यानंतर प्रवासी घेऊन पहिलं उड्डाण. कॅप्टन व्हायचं तर आणखी पुढे एटीपीएल, म्हणजे वरचं लायसन्स. त्याला वय किमान २१ आणि १५०० तास लागतात. सगळं सुरळीत चाललं तरी पहिल्या दिवसापासून को-पायलटच्या खुर्चीपर्यंत अडीच-तीन वर्षं धरा. ‘१२ महिन्यांत पायलट’ असं कुणी सांगत असेल तर ते नुसत्या उड्डाणाच्या तासांबद्दल बोलत असतात, आणि तेही हवामान, विमान व इन्स्ट्रक्टर तिन्ही साथ देतील असं गृहीत धरून.

पहिली पायरी: मेडिकल, आणि तेही दोन्ही

डीजीसीएचं मेडिकल दोन टप्प्यांत होतं. आधी क्लास २, ते डीजीसीएच्या यादीवरचे डॉक्टर करतात आणि महाराष्ट्रात असे डॉक्टर आहेत. शिकाऊ लायसन्ससाठी ते पुरतं, म्हणून बऱ्याच अकादम्या क्लास २ झालं की प्रवेश देतात. सीपीएलला मात्र क्लास १ लागतं. त्याची पहिली तपासणी दिल्ली आणि बंगळूरुसारख्या ठिकाणच्या वायुदलाच्या वैद्यकीय केंद्रांत किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांतच होते. तारीख मिळायला वेळ लागतो.

माझं ठाम मत आहे: क्लास १ हातात पडेपर्यंत कुठल्याही अकादमीला मोठी रक्कम देऊ नका. क्लास २ मध्ये पास झालेला विद्यार्थी क्लास १ मध्ये अडकू शकतो. तोवर १०-१५ लाख भरलेले असतील तर घरात काय होतं, याची कल्पना करवत नाही.

तपासणीत रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान-नाक-घसा, श्रवणशक्ती, डोळे आणि रंग ओळखण्याची क्षमता पाहतात. चष्म्याची भीती खूप जणांना असते. चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर मर्यादेतला नंबर चालतो. रंगांधळेपणा हा मात्र गंभीर अडसर आहे आणि तो अनेकांना त्या दिवशीच कळतो, कारण आयुष्यात कधी तपासलेलाच नसतो. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाकडेही ठिपक्यांच्या आकड्यांची चाचणी होते; ती दहावीतच करून घ्या. डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया करायचा विचार असेल तर आधी एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरांना विचारा, मगच करा.

वजन जास्त, रक्तदाब थोडा वर, हिमोग्लोबिन कमी अशा कारणांनी ‘तात्पुरते अनफिट’ असा शेरा येतो. तो शेवट नसतो. दिलेल्या मुदतीत सुधारणा करून पुन्हा तपासणी होते आणि अपिलाचीही सोय आहे. जुना आजार, शस्त्रक्रिया, फिट येणं यांतलं काही लपवू नका. हे मेडिकल नोकरीभर ठरावीक काळाने पुन्हा होत राहतं आणि लपवलेली गोष्ट कधी ना कधी वर येते.

कागदपत्रं: नावाचा घोळ आधीच मिटवा

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार आणि पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. काहींच्या एका कागदावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं. लग्नानंतर आईचं नाव बदललेलं असतं ते वेगळंच. डीजीसीएकडे मेडिकल, परीक्षा आणि लायसन्स या तिन्ही गोष्टी ऑनलाइन खात्यांतून चालतात. तिथे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे जुळायला हवी. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असेल तर अकरावीतच दुरुस्ती करून घ्या, नाहीतर ऐन वेळी राजपत्र आणि प्रतिज्ञापत्रांत महिने जातात.

लेखी परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएचा संगणक क्रमांक काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. बारावीची मूळ गुणपत्रिका हातात आली की दुसऱ्याच दिवशी याच्या मागे लागा. पासपोर्टही त्याच सुमारास काढून ठेवा.

लेखी परीक्षा: फ्लाइंगच्या आधी जितक्या सुटतील तितक्या सोडवा

पेपर असे: एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मीटिऑरॉलॉजी म्हणजे हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स म्हणजे नियम, टेक्निकल जनरल आणि तुम्ही उडवत असलेल्या विमानावरचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकाला ७० टक्के लागतात. याशिवाय रेडिओवर बोलण्यासाठीची आरटीआर ही परीक्षा. ती पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने हे काम डीजीसीएकडे दिलं.

अभ्यास अवघड आहे, पण तुमच्या आसपासच्या जगाचाच आहे, हे मला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. सह्याद्रीला धडकून ढग वर चढतात, थंड होतात, कोकणात आणि घाटमाथ्यावर कोसळतात आणि पलीकडे बारामतीचा पट्टा कोरडा राहतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. हवामानाच्या पेपरात त्यावरच प्रश्न येतो. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरला हवा तापून विरळ होते, मग पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि विमानाला जमीन सोडायला जास्त लांब धावपट्टी लागते, हा टेक्निकलचा प्रश्न. नेव्हिगेशनमध्ये एक साधा हिशेब सतत लागतो: ६० सागरी मैल उडाल्यावर तुम्ही ठरलेल्या रेषेपासून एक मैल बाजूला असाल, तर दिशा एका अंशाने चुकली आहे. असे हिशेब हातातल्या घड्याळाकडे बघत, विमान चालवताना, मनात करायचे असतात. म्हणून पाठांतराने पेपर निघाला तरी पुढे आकाशात अडतं.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. डीजीसीए किमान लेव्हल ४ इतकं इंग्रजी मागतं. म्हणजे स्पष्ट ऐकता, समजता आणि बोलता आलं पाहिजे; परदेशी उच्चार कुणी मागत नाही. रेडिओवरची भाषा तर मोजकी, ठरलेली आणि शिकता येण्यासारखी आहे. तीनला ‘ट्री’ म्हणायचं, नऊला ‘नाइनर’, कारण खरखरत्या आवाजात आकडे एकमेकांत मिसळतात. ‘टेक-ऑफ’ हा शब्द तर टॉवर प्रत्यक्ष परवानगी देताना आणि वैमानिक ती परत वाचताना, किंवा ती रद्द करतानाच वापरला जातो. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, त्यानंतर ही शिस्त आली. रोज अर्धा तास मोठ्याने वाक्यं म्हणण्याचा सराव करा. सांगली, बीड, गडचिरोली कुठूनही आलेला विद्यार्थी हे करू शकतो.

फ्लाइंग सुरू होण्याआधी निदान नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स निघालेले असावेत. कारण साधं आहे: अकादमीत राहून पेपरांचा अभ्यास करणं म्हणजे वसतिगृहाचं भाडं आणि मेसचं बिल भरत अभ्यास करणं. तोच अभ्यास घरी राहून, पुण्या-मुंबईतल्या ग्राउंड क्लासला जाऊन किंवा ऑनलाइन शिकवणीने बऱ्याच कमी खर्चात होतो. आणखी एक फायदा असा की तीन-चार महिन्यांत तुम्हाला स्वतःलाच कळतं की हे आपल्याला मनापासून आवडतंय की नाही. तेव्हा कळलं तर फारसं नुकसान नाही.

वाटा कोणत्या

भारतातल्या अकादमीत सीपीएल करून मग कंपन्यांकडे अर्ज करणं ही सगळ्यात जुनी वाट. सरकारी संस्थांमध्ये उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी सगळ्यांना माहीत असते. तिथे प्रवेश परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि मुलाखत असते, राखीव जागा असतात. आपल्याकडे गोंदियाच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, बारामतीला प्रशिक्षण चालतं, आणि १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला होतं. भारतात दिलेलं पहिलं वैमानिक लायसन्स जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत मिळालं, ते याच क्लबमध्ये शिकून. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली आहे. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा तिचा आराखडा आहे.

दुसरी वाट कॅडेट प्रोग्रामची. विमान कंपनीच आधी चाचणी घेऊन निवडते, तिच्या ठरवलेल्या अकादमीत, बऱ्याचदा परदेशात, प्रशिक्षण होतं, टाइप रेटिंग धरूनच पॅकेज असतं आणि शेवटी नोकरी. खर्च साधारण एक कोटी किंवा त्याहून जास्त. ही वाट सरळ आहे आणि ज्यांना परवडते त्यांच्यासाठी चांगली आहे. पण करारातलं ‘सशर्त’ हे विशेषण नीट वाचा. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक गुण लागतात, आणि कंपनीची भरती थांबली तर काय, याचं उत्तर करारात असतं किंवा नसतं. नसेल तर लेखी मागा.

तिसरी परदेशाची: अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, कॅनडा. हवामान चांगलं, विमानं भरपूर, त्यामुळे तास लवकर भरतात. परत आल्यावर मात्र तिथलं लायसन्स भारतीय करून घ्यावं लागतं. रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित कंपोझिट पेपर द्यावा लागतो, भारतीय मेडिकल लागतं आणि इथे विमानावर चाचणी होते. सगळ्यात जास्त मुलं अडतात ती तासांच्या हिशेबात. तिथल्या नियमाने लायसन्स मिळतं, पण भारताला हवे तितके पायलट-इन-कमांड तास, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे तास, किंवा रात्रीची उड्डाणं लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, नसतात. जाण्याआधी डीजीसीएच्या अटींची यादी त्या अकादमीच्या हातात द्या आणि ‘या सगळ्या पूर्ण होतील’ असं लिहून घ्या. क्लास १ मेडिकल इथेच उरकून जा.

चौथी वाट वायुदलाची. खडकवासल्याची एनडीए, किंवा पदवीनंतर सीडीएस, एएफकॅट या प्रवेश परीक्षा. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. प्रशिक्षणाचा खर्च देश करतो, आणि पुढे सेवा संपल्यावर अनेक जण एअरलाइनमध्ये येतात. पण सैन्यात जायचं ते सैन्यासाठीच. एअरलाइनचा आडरस्ता म्हणून ती वाट धरू नका.

अकादमी निवडताना: विमानं मोजा, विद्यार्थी मोजा

हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

अकादमीच्या जाहिरातीत विमानांचा आकडा असतो. विचारायचं ते हे की आज सकाळी त्यातली किती उडण्याजोगी आहेत. शंभर तास झाले की विमान तपासणीसाठी हँगरमध्ये जातं. सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर आठवडे तिथेच उभं राहतं.

एक हिशेब मांडून बघा. समजा दहा विमानं खरोखर उडतायत, प्रत्येक रोज पाच तास, महिन्यात २० दिवस हवामान चांगलं. म्हणजे महिन्याला १००० तास. विद्यार्थी १०० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १० तास, आणि २०० तासांना २० महिने. हेच विद्यार्थी २०० असतील तर वाट्याला ५ तास, आणि लागतात ४० महिने. अकादमी तीच, फी तीच, पण दुसऱ्या विद्यार्थ्याची जवळजवळ दोन वर्षं वसतिगृहाच्या खोलीत जातात. शिवाय महिन्याला पाचच तास मिळाले की हात बसत नाही. मागच्या वेळी शिकलेलं पुन्हा शिकावं लागतं आणि तेही पैसे मोजूनच.

प्रवेश घेण्याआधी दोन-तीन दिवस त्या गावात जाऊन राहा. सकाळी सहा-सातला धावपट्टीच्या कुंपणाजवळ उभं राहून बघा, किती विमानं वर जातात. चहाच्या टपरीवर शिकणाऱ्या मुलांशी बोला, ऑफिसातल्या माणसांशी नंतर. त्यांना हे विचारा:

- मागच्या तीन महिन्यांत तुझे किती तास झाले?
- तुझ्या बॅचमधले किती जण सीपीएल घेऊन बाहेर पडले, किती महिन्यांत?
- इन्स्ट्रक्टर किती आहेत आणि वर्षभरात किती सोडून गेले?
- मल्टी-इंजिन विमान इथेच आहे की त्यासाठी दुसरीकडे पाठवतात?
- फीशिवाय वेगळे पैसे कशाकशाचे घेतले?

जागेचं हवामानही बघा. बारामती, धुळे हा कोरडा पट्टा, त्यामुळे उडता येण्यासारखे दिवस जास्त. गोंदिया धानाच्या पट्ट्यात. पावसाळा जोरदार, हिवाळ्यात सकाळी धुकं. म्हणून गोंदिया वाईट असं मुळीच नाही, तिथली धावपट्टी लांब आणि सोयी चांगल्या. पण जूनमध्ये रुजू झालात तर पहिले तीन-चार महिने वर्गातच जातील, हे धरून चला आणि तेवढ्यात पेपर काढा.

डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. ती यादी जरूर बघा. विमानांची संख्या, विद्यार्थ्यांना लागणारा वेळ, सुरक्षितता असे मुद्दे त्यात धरले जातात. पण श्रेणी बघून कुंपणापाशी जाणं टाळू नका.

फी एकरकमी भरू नका. जितके तास उडालात तितके पैसे, किंवा टप्प्याटप्प्याने हप्ते, असाच करार असावा. अकादमी सोडायची झाल्यास उरलेले पैसे किती दिवसांत परत, हे लिहिलेलं असावं. कर किती लागणार तेही विचारा: डीजीसीएमान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला जीएसटीतून सूट असल्याचं २०२४ मध्ये स्पष्ट झालं आहे, तरी करारात त्याचा उल्लेख करून घ्या.

उड्डाणाचे २०० तास

सुरुवातीला इन्स्ट्रक्टरसोबत सेसना, डायमंड, टेकनम यांसारख्या छोट्या विमानात सर्किट मारायचे: वर जा, धावपट्टीभोवती फेरी घ्या, उतरा, पुन्हा वर. हे कंटाळवाणं वाटतं, पण लँडिंग यातूनच येतं. मग एक दिवस इन्स्ट्रक्टर खाली उतरतो आणि तुम्ही एकटे जाता. पहिला सोलो. खाली आलात की मित्र बादलीभर पाणी डोक्यावर ओततात. ही प्रथा जगभर आहे. दुसऱ्याचा सोलो लवकर झाला म्हणून खट्टू होऊ नका. कुणाला १५ तासांत जमतं, कुणाला ३० लागतात, आणि पुढे त्याचा काही संबंध राहत नाही.

२०० पैकी किमान १०० तास तुम्ही पायलट-इन-कमांड असायला हवेत. त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. हे साधारण ५५५ किलोमीटर, पुणे-नागपूर हवाई अंतरापेक्षा थोडंसंच कमी. पाच तास रात्रीचे, दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंगसह. दहा तास केवळ उपकरणांकडे बघून. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी यात भर पडते: ४० तास उपकरणांवर आणि ५० तास पायलट-इन-कमांड म्हणून क्रॉस-कंट्री. हे दोन हिशेब पहिल्या दिवसापासून एकत्र मांडा. शेवटी दहा तास कमी पडले की त्यांचे पैसे वेगळे जातात.

लॉगबुक रोज लिहा, त्याच संध्याकाळी. न उडालेला एक मिनिटही लिहू नका आणि कुणी ‘तास भरून देतो’ म्हणालं तर तिथून निघा. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि फुगवलेले तास वापरून लायसन्स घेतलेल्यांची प्रकरणं उघडकीस आली. लायसन्स रद्द झाली, पोलीस कारवाई झाली. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते तास तुमच्या मागे बसणार असलेल्या माणसांसाठी आहेत.

पैसा

आज भारतात सीपीएल, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळून साधारण ५० ते ६० लाखांच्या घरात खर्च जातो. टाइप रेटिंगचे १५ ते २० लाख वेगळे. राहणं, जेवण, परीक्षा, मेडिकल यांचे आणखी काही. एकूण हिशेबावर दहा टक्के हाताशी ठेवा, ते लागतातच.

डीजीसीएमान्य वैमानिक प्रशिक्षणाला सरकारी बँका शैक्षणिक कर्ज देतात, पण साडेसात लाखांच्या वर बहुतेक ठिकाणी तारण मागतात. ५० लाखांचं कर्ज साडेदहा टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या फेडीवर घेतलं तर हप्ता सुमारे ६७ हजार रुपये. प्रशिक्षणाच्या काळात चढणारं व्याज त्यात धरलेलं नाही. लायसन्स मिळाल्यावर नोकरी वर्षभर लांबली तर हा हप्ता घरचे भरू शकतील का, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर वाट सोडायची असं नाही, वेग बदलायचा. आधी पेपर काढा, पदवी पूर्ण करा, शिष्यवृत्त्या शोधा.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएलचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरला आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे; त्यांच्या संकेतस्थळावर जाहिरातीवर लक्ष ठेवा. जागा थोड्या असतात, पण पात्र असूनही अर्जच न करणारे खूप असतात.

लायसन्स हातात आल्यावर

२०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, २०२२ मध्ये १,१६५. त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डर जाहीर केल्या. म्हणजे गरज आहे. पण विमान येण्याचा वेग आणि लायसन्स निघण्याचा वेग नेहमी जुळत नाही. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवख्यांची रांग लांबली. उलट २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, आणि कंपन्यांना माणसं कमी पडू लागली. हा चढउतार तुमच्या हातात नाही. तयारी तुमच्या हातात आहे.

त्या वाट पाहण्याच्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी ताजं ठेवावं लागतं, मेडिकलही. त्याची तरतूद आधीच ठेवा. बरेच जण या काळात इन्स्ट्रक्टर होतात. तास वाढतात, थोडा पगार मिळतो आणि शिकवताना स्वतःचं विमानशास्त्र पक्कं होतं. मला हा पर्याय फार मोलाचा वाटतो. दुसरीकडे, कंपनीची निवड होण्याआधी स्वतःच्या खिशातून टाइप रेटिंग करायची घाई करू नका. कुठली कंपनी कुठल्या विमानावर घेणार हे माहीत नसताना २० लाख एका विमानावर लावणं धोक्याचं आहे. भरतीच्या जाहिरातीत ती अट स्पष्ट असेल आणि निवडीची शक्यता खरी दिसत असेल, तरच विचार करा.

निवडीत लेखी तांत्रिक परीक्षा, संगणकावरची अभियोग्यता चाचणी, गटचर्चा, मुलाखत आणि काही ठिकाणी सिम्युलेटरवर परीक्षण असतं. मुलाखतीत ‘तुझ्या एखाद्या क्रॉस-कंट्रीबद्दल सांग’ असं विचारतात. ज्याने ते उड्डाण खरंच केलंय, वारा कुठून होता, किती इंधन उरलं, कुठे निर्णय बदलला हे ज्याला आठवतंय, तो दोन वाक्यांत ओळखू येतो.

मुलींना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. कॉकपिटमध्ये बाई असणं इथे नवलाचं राहिलेलं नाही. घरच्यांनी शंका काढली तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा.

तुम्ही आत्ता अकरावी-बारावीत असाल तर

या महिन्यात रंगदृष्टीची चाचणी आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. भौतिकशास्त्र आणि गणित मन लावून करा, कारण नेव्हिगेशन आणि टेक्निकलचा पाया तोच आहे. १८ व्या वर्षाची वाट न बघता क्लास २ चं मेडिकल बारावीच्या सुट्टीत करा आणि ते होताच क्लास १ ची तारीख मागा. त्याच सुट्टीत संगणक क्रमांकाचा अर्ज टाका आणि एअर रेग्युलेशन्सचं पुस्तक उघडा. पहिला पेपर म्हणून तोच सोपा जातो. घरच्यांना सोबत घेऊन दोन अकादम्यांच्या गावी जाऊन या, सकाळी लवकर. पदवीसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा जवळच्या महाविद्यालयात नाव घालून ठेवा, म्हणजे तिन्ही वर्षं दुसरं दारही उघडं राहील. क्लास १ चा निकाल आणि निदान दोन पेपरांचे गुण हाती आले, की मग चेकबुक काढा.